साकवावरची रेघ

त्या गुरुवारी सकाळी ओढ्यावरचा साकव पडला. माझी मैत्रीण शैलजा त्यावर होती. हौसाबाईने डांबरी रस्त्यापर्यंत चालत येऊन, जिथे रेंज मिळते तिथून मला भोरला फोन केला. "कुंदाताई, साकव गेला. बाई त्याच्यावर व्हत्या," एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, "बऱ्या आहेत ना?" तिच्या मागून एक ट्रक गेल्याचा आवाज आला, आणि मग फोन बंद झाला.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. लिहायला बसते आणि उठते. शैलजाला असं अर्धवट काम आवडत नसे, म्हणून आज पुरं करते आहे.

आम्ही दोघी भोरमधल्या एका तंत्रशिक्षण संस्थेत नोकरीला होतो. ती इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची, मी ग्रंथालय सांभाळायची. ग्रंथालयात खाद्यपदार्थ आणू नयेत अशी पाटी मीच रंगवून घेतली होती आणि बरोबर त्या पाटीखाली बसून शैलजा डबा उघडायची. "पाटी माझ्या पाठीमागं आहे, मला दिसत नाही," म्हणायची. तिचं माहेर वेल्ह्याचं. वर्गात ती स्वच्छ पुस्तकी मराठी बोले, पण रागावली की माहेर बाहेर पडायचं. प्रयोगशाळेत कुणी ऑसिलोस्कोपची वायर ओढली की तिचा "लई शाना झालास व्हय रे!" माझ्या टेबलापर्यंत ऐकू येई. ऑसिलोस्कोप म्हणजे विजेचा चढउतार पडद्यावर रेघेच्या रूपात दाखवणारं यंत्र. मला त्यातलं काही कळत नव्हतं. हिरव्या पडद्यावर धावणारी ती रेघ मला दवाखान्यातल्या यंत्रासारखी वाटे, आणि तिच्याकडे फार वेळ पाहवत नसे. शैलजा मात्र तासन् तास पाहत बसे, जशी एखादी बाई नदीच्या काठावर बसून पाण्याकडे पाहते.

पुढे नव्या जातीचे स्कोप आले. त्यांच्यात एक बटण असतं, ते दाबलं की आलेल्या रेघेचं यंत्र स्वतःच गणित करतं आणि उत्तराची दुसरी रेघ पहिलीच्या खाली काढून दाखवतं. विकलन, संकलन... शाळेत हे शब्द ऐकले की मी खिडकीबाहेर बघायची. शैलजाने ते मला माझ्याच स्वयंपाकघरात शिकवलं. मी दूध तापत ठेवून तिच्याशी बोलत होते. ती म्हणाली, "दूध किती वर आलंय ते बघू नकोस कुंदे. किती वेगानं वर येतंय ते बघ. पातेल्यात बराच वेळ काही होत नाही, आणि मग एकदम होतं. ते 'एकदम' पकडायचं असेल तर विकलन." आणि संकलन? तिने मोरीतल्या गळक्या नळाकडे बोट दाखवलं. "थेंब सगळ्यांना दिसतो. थेंबाथेंबानं बादली किती भरली ते संकलन सांगतं." मग जरा थांबून म्हणाली, "दोन्हीत धोका आहे हं. विकलन बारीकशा खरखरीचा डोंगर करतं. आणि संकलन... यंत्राचा स्वतःचाच एखादा थेंब गळत असला, तर तोही बादलीत धरतं." दूध उतू गेलं ते गेलंच. गॅस पुसताना आम्ही हसलो. पुढे जे झालं ते सगळं त्या एका संध्याकाळच्या बोलण्यात होतं, हे मला आता दिसतं.

नवरा गेल्यावर आणि निवृत्तीनंतर शैलजा त्याच्या गावी राहायला गेली. हिर्डोशीच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत. ओढ्याच्या काठावर दोन खोल्यांचं घर, मागे भाताची खाचरं. ओढ्यापलीकडे एक वाडी. वाडीला अलीकडे यायला एकच वाट, लोखंडी दोरांवर टांगलेला अरुंद साकव. पावसाळा सोडला तर लोक ओढ्यातूनही उतरून येत, पण पावसाळ्यात साकव नाही तर वाडीला डोंगराचा भला मोठा वळसा. दुधाच्या किटल्या, खताच्या गोण्या, आजारी माणसं, देवाची पालखी, सगळं त्याच्यावरून जायचं.

शैलजाला पहिल्याच पावसाळ्यात दिसलं की अलीकडच्या टोकाला दोर ज्या काँक्रीटच्या ठोकळ्यात रुतवलेत, तिथून तांबूस पाणी गळतं. तिने अर्ज केले. साकव पाहायला कुणी साहेब आले, त्यांनी ठोकळ्यावर पाय आपटला आणि "मजबूत आहे" म्हणाले. शैलजाने विचारलं, "कशावरून?" ते म्हणाले, "बाई, मग नाही हे तरी कशावरून? पुरावा असला तर दाखवा." ते सहज बोलून गेले असतील. शैलजाने ते सहज घेतलं नाही. पुढच्या महिन्यात ती पुण्याहून एक छोटा स्कोप घेऊन आली.

साकवाच्या फळ्यांखाली तिने एक डबी बांधली. आत स्प्रिंगवर टांगलेलं लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं. साकव हलला की वेटोळ्यात किंचित वीज उमटायची आणि लांबलचक वायरीतून खिडकीतून आत, टेबलावरच्या स्कोपमध्ये यायची. ती वीज साकवाच्या हलण्याचा वेग सांगे. शैलजा बटण दाबून तिचं संकलन करी, म्हणजे साकव किती हलला ते कळे. माणूस गेला की रेघ डुले आणि पुन्हा शून्यावर येई. वाडीतल्या लोकांना याची गंमत वाटली. वाडीतले जुने जाणते सखाराम आबा खिडकीतून डोकावून विचारायचे, "काय वो बाई, आज काय लागलंय टीव्हीवर?" शैलजा म्हणायची, "तुमचाच पिच्चर आबा. आत्ता तुमी चालत आला तो." आबा म्हणायचे, "मग हिरोईन कुठंय?" हौसाबाई, जी शैलजाला दूध घालायची आणि तिच्या खाचराचंही बघायची, ती पदरात तोंड दाबून हसायची.

एक दिवस रेघ शून्यावर आली नाही. साकवावर कुणी नव्हतं, तरी ती चढतच होती. हळू, सरळ, थांबेचना. शैलजाने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता. "कुंदे, साकव बसतोय. सारखा बसतोय." तिने करवंदीच्या काट्या तोडून साकवाच्या दोन्ही टोकांना टाकल्या. आमच्याकडे वाट बंद करायची ती हीच रीत, कुणाच्या शेतात जाऊ नये म्हणूनही हेच करतात. ऐन आवणीचे, भाताची रोपं लावायचे दिवस होते. वाडीची माणसं वळसा घालून अलीकडच्या खाचरांत यायची, रोपं उन्हाने मलूल व्हायची, किटल्यांतलं दूध नासायचं. साहेब पुन्हा आले. साकवाच्या मधोमध उभे राहून त्यांनी दोन उड्या मारल्या आणि हसले.

त्या दिवशी शैलजाने घरी येऊन डबीची वायर स्कोपमधून काढून टाकली. स्कोपला काहीच जोडलेलं नव्हतं. रेघ तरीही चढत होती. तो थेंब यंत्राचाच होता. आत येणाऱ्या विजेचा शून्य किंचित सरकलेला असतो, डोळ्याला न दिसण्याइतका, आणि संकलन त्याची बादली भरत राहतं. ही गोष्ट ती दर वर्षी पहिल्या तासाला मुलांना सांगायची. स्वतःच्या बाबतीत ती विसरली, कारण तिला साकवाची भीती वाटत होती आणि रेघ तिच्या भीतीसारखी दिसत होती.

तिने काट्या काढल्या. मग वाडीत जाऊन घरोघर सांगितलं, "चूक माझी होती." आबा म्हणाले, "असू द्या बाई. टीव्ही हाय, कवा कवा खोटं बी दावतो." कुणी वाईट बोललं नाही. पण त्यानंतर साकवावरून जाताना पोरं तिच्या खिडकीकडे बघून मुद्दाम उड्या मारायची, आणि बायका "पडला गं पडला!" म्हणून ओरडून हसायच्या. शैलजाही हसायची. मला मात्र ती म्हणाली, "आता मी खरं सांगितलं तरी ते हसणार. त्यामुळे मला आता फक्त एकदाच सांगता येईल, आणि तेव्हा मी चुकून चालणार नाही."

यंदा तिने पद्धत बदलली. साकवाचं हलणं सोडून तिने दोराकडे लक्ष दिलं. दोर ठोकळ्यात शिरतो तिथे तिने एक पट्टी बसवली. दोर केसभर जरी बाहेर सरकला तरी पट्टी ते स्कोपला कळवणार. इथे संकलनाची गरज नव्हती, गळक्या थेंबाची भीती नव्हती. वरची रेघ दोर कुठे आहे ते सांगे आणि खाली विकलनाची रेघ, तो किती वेगाने सरकतो ते. वरची रेघ बघावी तेव्हा आडवी. दोर जागच्या जागी.

मी तिला शेवटची भेटले ते श्रावणात. पावसाने उघडीप दिली होती, ओढा मात्र वरच्या डोंगरांचं पाणी घेऊन धावत होता. टेबलावर स्कोप, शेजारी चहाचे कप. मी पाहत होते, तर खालच्या आडव्या रेघेवर मधूनच एक बारीक सुळका उठायचा आणि लगेच मोडायचा. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक.

"हे काय गं?" मी विचारलं.

"मोटार," ती म्हणाली. साकवाखाली ओढ्यात शेताला पाणी देणारे पंप होते आणि तिची लांब वायर त्यांच्या तारांच्या कडेने आली होती. "कुणी स्टार्टर दाबला की वायरीत कचरा येतो. वरच्या रेघेत तो दिसतसुद्धा नाही. पण विकलन त्याचा डोंगर करतं, सांगितलं होतं ना तुला?"

"श्रावणात मोटार कोण लावतं?" मी म्हणाले. मी हे शंका म्हणून विचारलं नव्हतं, उगाच बोलायचं म्हणून बोलले होते.

"उघडीप आहे ना. वरच्या खाचरांना लागतं पाणी." ती एक क्षण रेघेकडे पाहत राहिली. "मागच्या खेपेला यंत्राचं बोलणं मी साकवाचं समजले, कुंदे. आता परत न्हाई." आणि तिने बटण फिरवून रेघ गुळगुळीत करून घेतली. स्कोपमध्ये तशी सोय असते, शेजारशेजारच्या आकड्यांची सरासरी काढून खरखर पुसून टाकण्याची. सुळके बुटके झाले, मग दिसेनासे झाले. "बघ," ती म्हणाली, "कशी शांत झाली." मी पाहिलं. रेघ खरोखरच शांत होती. बाहेर साकवावरून कुणी तरी किटली घेऊन जात होतं आणि फळ्यांचा आवाज येत होता... मी परत येताना त्याच आवाजाच्या दिशेने वळून हात हलवला, कारण शैलजा मला पोहोचवायला साकवाच्या टोकापर्यंत आली होती आणि त्या ठोकळ्यावर हात टेकून उभी होती.

त्या गुरुवारचं मला हौसाबाई आणि आबा या दोघांनी सांगितलं. दोघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं, आणि ते जुळलं.

गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद असते. गावचा मोबाईलचा टॉवरही बंद पडतो. शैलजाच्या घरात इन्व्हर्टर होता, त्यावर स्कोप चालू राही. हौसाबाई दूध घेऊन आली तेव्हा शैलजा उभ्याने चहा पीत होती आणि स्कोपची गुळगुळीत करायची सोय तिने बंद केली होती. का, ते हौसाबाईला माहीत नाही. मला वाटतं, वीज नसताना स्वच्छ रेघ कशी दिसते ते तिला पाहून ठेवायचं असेल. तेवढ्यात खाली एक सुळका उठला. मग आणखी एक. मग लागोपाठ.

"हौसे, लाईट नाही ना?"

"आज बेस्तरवार. लाईट कुठली वो बाई?"

"मोटारी?"

"मोटारी काय हातानं फिरवायच्या?"

शैलजाने कप खाली ठेवला. "मग हे कुठून येतंय?" असं ती म्हणाली, पण हौसाबाई म्हणते, ते तिला विचारलेलं नव्हतं. दोर सरकत होता. सलग नाही. अडकायचा आणि सुटायचा, केसाच्या शतांशाएवढा, पुन्हा अडकायचा. म्हणून वरची रेघ आडवी दिसे, आणि सुटण्याचा तो क्षण फक्त विकलनालाच दिसे. श्रावणात मी पाहिलेले सुळके हेच होते. त्यानंतर इतके दिवस ते येत राहिले आणि ती ते पुसत राहिली.

दोघी बाहेर धावल्या. कुंपणाच्या करवंदी तोडून अलीकडचं टोक बंद केलं. पण त्या दिवशी अलीकडे साखरपुडा होता आणि वाडीची मंडळी पलीकडच्या टोकाला गोळा होत होती, नटूनथटून, ताटं आणि पिशव्या घेऊन. शैलजाने हात हलवून ओरडून सांगितलं. ओढ्याच्या आवाजात काही ऐकू जाईना. तिकडून लोकांनी हात हलवले. फोन बंद. वळसा घालून जायचं तर मंडळी तोवर साकवावर आली असती.

"आमी हसलो," आबांनी मला सांगितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. "म्हणलं, बाई परत काट्या घिऊन आल्या. एकजण म्हणला, पिच्चर लागला. म्या बी हसलो..."

हौसाबाईने तिचा हात धरला होता. शैलजा म्हणाली, "माझं वजन ते काय. तू हितंच थांब आणि कुणाला येऊ देऊ नकोस." हातात काट्यांची एक मोळी घेऊन ती साकवावर चढली. धावली नाही. हौसाबाई म्हणते, पाय अलगद टाकत गेली, निजलेल्या घरातून जावं तशी. पलीकडची मंडळी पुढे यायला निघाली होती, दोघं तर फळ्यांवर आलीही होती. आता तिचं बोलणं त्यांना ऐकू येण्याइतकी ती जवळ पोहोचली आणि ओरडली, "आबा, मागं व्हा! दोर सुटतोय!"

आबा म्हणाले, "मास्तरीणबाईंचं बोलणं न्हाई हो ते. आमच्या आईनं हाळी द्यावी तशी हाळी." त्यांनी फळ्यांवरच्या दोघांना धरून मागे ओढलं. शैलजाने काट्यांची मोळी त्यांच्या दिशेने फेकली. ती टोकावर पडली. मग अलीकडच्या ठोकळ्यातून आवाज आला. आबा म्हणतात, मोठा नव्हता. बाटलीचं बूच निघावं तेवढाच.

मी दुपारी पोहोचले. तिला घरी आणलं होतं, अंगणात माणसं होती, दोन्ही काठांची, कारण वाडीची मंडळी वळसा घालून आली होती. साखरपुड्याच्याच कपड्यांत होती. मी तिच्यापाशी बसले, आणि मग पाणी आणायला म्हणून आतल्या खोलीत गेले. चहाचा कप तिथेच होता. इन्व्हर्टर अजून चालत होता आणि स्कोपही. वरची रेघ पडद्याच्या अगदी कडेला जाऊन पोहोचली होती. खालची, विकलनाची, शून्यावर होती. अगदी सरळ, एकही सुळका नाही. मला शैलजाने शिकवलेलं तेवढं गणित कळत होतं. जे सरकायचं होतं ते सरकून संपलं की विकलन शून्य दाखवतं. वस्तू जागेवर असताना दाखवतं तसंच शून्य. त्या दोन शून्यांत पडद्यावर काही फरक नसतो... मी पाहत असतानाच बॅटरी संपली.

नंतर पुष्कळजण मला म्हणाले, बाईंना आधीच कळायला हवं होतं. काहीजण म्हणाले, बाईंना सगळं आधीच माहीत होतं. दोन्ही खरं नाही. तिला एकदा खोटी भीती वाटली होती, त्यामुळे खरी भीती तिने पुसून काढली. आणि ती खरी आहे हे कळल्यावर तिने शंका काढण्यात क्षणही घालवला नाही. मी तिला इतकी वर्षं ओळखत होते, मला या दोन्ही शैलजा माहीत होत्या.

परवा मी तिथे पुन्हा गेले. आबा वळसा घालून आले होते. दर गुरुवारी पलीकडच्या टोकावर ते करवंदीच्या ताज्या काट्या टाकतात, असं हौसाबाईने सांगितलं. मी आबांना म्हणाले, "आबा, साकवच नाही आता. काट्या कशाला?"

"दिसतंय की," आबा म्हणाले. "पर त्यांनी टाकल्यात त्या. सुकून जाऊ द्यायच्या व्हय?"

शैलजाच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. स्कोप टेबलावर आहे. त्याची वायर खिडकीतून बाहेर पडून कुंपणाच्या कडेने ओढ्यापर्यंत जाते. तिथे ठोकळा आहे, त्यात दोराच्या जाडीचं एक भोक आहे. वायरीचं दुसरं टोक त्याच्याशेजारी लोंबतं आहे.